झेंडावंदन झाले, आता थोडे थांबा!



आपल्या कोकणातला पंधरा ऑगस्ट कधी कोरडा गेल्याचे तुम्हाला आठवते काय? मला तरी आठवत नाही. लावणी आटोपलेली असते, बेणणी होत आलेली असते, भात फुटव्यावर असते आणि श्रावणातल्या सरी घटकेघटकेला येऊन जात असतात. अशा सकाळी शाळेतली मुले धुतलेले गणवेश घालून, एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात कागदी झेंडा सांभाळीत, चिखल चुकवीत बांधावरून चालली की समजावे, आज झेंडावंदन आहे.

मी पंचायत समितीत विस्तार अधिकारी (कृषी) आहे. नोकरीची बहुतेक वर्षे मालवण किनाऱ्याच्या गावांतून फिरण्यात गेली. युरियाचा दुसरा हप्ता, भातावरचा करपा, माडावरचा गेंड्या भुंगा, काजूची कलमे हे माझे नेहमीचे विषय. आज मात्र मी तुमच्याशी एका झेंडावंदनाविषयी बोलणार आहे. शेवटी त्यात माती आणि पाणी येईलच. आमच्यासारख्याला त्याशिवाय बोलता येत नाही.

पावसातला झेंडा

गोष्ट २०१९ सालची. त्या वर्षी स्वातंत्र्यदिन आणि नारळी पौर्णिमा १५ ऑगस्टला एकाच दिवशी आली होती. किनाऱ्यावर दुहेरी सण. पण लोकांच्या मनात धाकधूक होती. त्याच महिन्याच्या सुरुवातीला कोल्हापूर-सांगलीकडे महापुराने हाहाकार केला होता. आपल्याकडेही पाऊस हटत नव्हता.

मालवण तालुक्यातल्या एका गावात, समुद्रापासून दोन-तीन किलोमीटर आत, माझी त्या दिवशी नेमणूक होती. गावाचे नाव मुद्दाम लिहीत नाही. पुढे जे सांगणार आहे, ते आपल्यापैकी पुष्कळ गावांना लागू आहे. सकाळी आठ वाजता ग्रामपंचायतीसमोर झेंडावंदन, नंतर ग्रामसभा, आणि सभेत मी खात्याच्या योजना सांगायच्या, असा कार्यक्रम होता.

मी थोडा आधी पोचलो. ग्रामपंचायतीचा शिपाई ओटीवर बसून झेंड्याची घडी घालीत होता. खादीचा झेंडा. आदल्या वर्षी भिजलेला झेंडा त्याने कसा वाळवला होता, ते तो मला सांगू लागला. घरात दोरीवर इतर कपडे असतात, म्हणून त्याने झेंडा घरी नेला नव्हता. कार्यालयातच दोन खुर्च्यांमध्ये नवा बांबू आडवा ठेवून त्यावर तो पसरला आणि झेंडा पुरता सुकेपर्यंत तीन रात्री तो तिथेच झोपला. असे कर म्हणून त्याला कोणी सांगितले नव्हते, आणि कोणत्या कागदावर त्याची नोंदही नव्हती.

त्याने घडीत झेंडूच्या आणि जास्वंदीच्या पाकळ्या घातल्या, गाठ दोनदा ओढून पाहिली आणि झेंडा वर बांधला. बरोबर आठला सर आली. सरपंचबाईंनी दोरी ओढली, ओल्या पाकळ्या खाली पडल्या, झेंडा उलगडला आणि पावसाने जड होऊन खांबाला चिकटला. राष्ट्रगीत सुरू झाले. मी सहज आजूबाजूला पाहिले. एकाही माणसाची छत्री उघडी नव्हती. एक निवृत्त सैनिक कोटावर पदके लावून उभे होते. कोटाला डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता. रस्त्यावरून बैल चरायला नेणारा एक गडी दावे हातात धरून ताठ उभा राहिला होता. बैल त्याला ओढीत होते आणि तो हलत नव्हता. पहिलीतले एक पोर इतक्या मोठ्याने गात होते की त्याचा सूर सगळ्यांच्या पुढे धावत होता. एवढ्यात खाडीकडून वाऱ्याचा झोत आला, झेंडा खांबापासून सुटला आणि पाणी उडवीत फडफडला. माझ्या अंगावर काटा आला. तुमच्याही आला असता.

बंधूंनो, हा अभिमान खरा असतो. पावसात भिजत उभ्या राहिलेल्या त्या माणसांना कोणी भाड्याने आणलेले नव्हते.

पण मग काय झाले? मुलांना खाऊ मिळाला, मोठ्यांना जिलेबीची पुडी मिळाली, आणि पाऊस थांबल्याचे पाहून माणसे वाटेला लागली. ग्रामसभा नऊला होती. साडेनऊला ग्रामसेवकांनी वहीतल्या सह्या मोजल्या. एक्केचाळीस भरल्या. गावाचे मतदार नऊशेच्या आसपास. ग्रामसभेची गणपूर्ती म्हणजे एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसे, यांपैकी जो आकडा कमी असेल तो. म्हणजे शंभर माणसे हवीत. सभा तहकूब करण्याचे शब्द ग्रामसेवकांच्या ओठांवर आले होते.

खरे सांगायचे तर मला मनातून बरेच वाटले. कितीतरी वर्षे मी असेच करीत आलो होतो. झेंड्याला सलाम, चहा, वहीत सही आणि दहाच्या आत घर. सुट्टीचा दिवस, वर पाऊस, घरी वडे आणि काळ्या वाटाण्याचे सांबारे. मी पिशवी उचलली.

‘आता बसूक कोण नाय?’

पहिल्याच खुर्चीवर एक आजी बसल्या होत्या. काठापदराचे लुगडे, पायाशी ओली छत्री. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा असते म्हणून त्या सकाळपासून आल्या होत्या, आणि ती सभाही वहीतच उरकली होती. मला उठताना पाहून त्या म्हणाल्या,

“सायबांनू, झेंड्याक सगळे उभे रवले. आता बसूक कोण नाय?”

मी ओशाळलो. पिशवी पुन्हा खाली ठेवली. सरपंचबाईंनी वाडीतल्या दोन मुलांना सायकलीवरून माणसे बोलवायला पिटाळले. मुले परत येईपर्यंत वेळ होता. आजी बोलू लागल्या आणि आम्ही ऐकू लागलो.

“माजा म्हायार बांद्याक. देश सुटलो, त्याच वर्साचो माजो जल्म. मी आठ वर्साचा चेडू होतंय तेवाची गोष्ट. अशीच पावसाची झड. आमच्या घराकडसून माणसांची रांग चल्ली होती. भाषा कळा नाय. एकान हाताची वंजळ केल्यान, तेवा कळलां, पाणी व्हयां म्हणान. आवशीन बावीचा पाणी काडून दिल्यान. मी तांब्यो घेवन पुढे. भाषा कळा नाय, पण तान लागलेली कळता मा!”

मग जरा थांबून म्हणाल्या, “सांजेक त्यातले कितके परत इलेच नाय.”

ज्यांना हा इतिहास ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. देश १९४७ साली स्वतंत्र झाला, पण शेजारचा गोवा पोर्तुगिजांच्याच ताब्यात राहिला. बांदा आपल्याकडे आणि त्यापलीकडचे पत्रादेवी त्यांच्याकडे. १९५५ साली गोवा मुक्तीसाठी देशभरातून सत्याग्रहींच्या तुकड्या निघाल्या. मे महिन्यात सेनापती बापट आणि नानासाहेब गोरे हद्द ओलांडून गेले. त्यानंतर १५ ऑगस्ट १९५५ रोजी, ऐन स्वातंत्र्यदिनी, तीन हजारांहून अधिक सत्याग्रही ठिकठिकाणांहून हातात काठीसुद्धा न घेता गोव्यात शिरले. पोर्तुगिजांनी गोळ्या घातल्या. वीसहून अधिक माणसे मरण पावली, कितीतरी जायबंदी झाली. पत्रादेवीला मध्य प्रदेशातल्या सहोदराबाई राय यांच्या हाती तिरंगा होता. त्यांना गोळी लागली. पंजाबातून आलेला करनैल सिंग हा तरुण पुढे झाला आणि तिथेच धारातीर्थी पडला. सहोदराबाई वाचल्या आणि पुढे लोकसभेवर निवडून गेल्या. गोवा अखेर १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झाला. पत्रादेवीला आज हुतात्मा स्मारक उभे आहे. गोव्याला जाता-येता तुमची गाडी तिथून जाते. एकदा उतरून पाहा.

आता विचार करा. पंजाब कुठे आणि पत्रादेवी कुठे! त्या तरुणाचे गोव्यात शेत नव्हते, घर नव्हते, सोयरीक नव्हती. त्याला इथली भाषा येत नव्हती. तरी तो आला, कारण हा मुलूख आपला आहे असे त्याला वाटले. आणि बांद्याच्या ज्या बायाबापड्यांनी घागरी उपसल्या, भाकऱ्या भाजल्या, त्यांनाही कोणी देशभक्तीचे धडे दिले नव्हते. दारात आलेला माणूस तहानलेला आहे आणि तो आपल्या कामाला निघाला आहे, एवढे त्यांना पुरेसे होते. पुस्तकात नाव येते ते गोळी झेलणाऱ्याचे, आणि ते यायलाच हवे. पण तांब्या घेऊन पुढे झालेली आठ वर्षांची मुलगी हीसुद्धा त्या दिवसाची साक्षीदार आहे. आणि ती २०१९ साली आमच्यासमोर खुर्चीवर बसून आम्हाला जाब विचारीत होती.

“तेवा आमच्या बावीर परक्या मुलखातली माणसां पाणी पियाली,” आजी म्हणाल्या. “आज माज्या वाडीतल्या बावीक एप्रिलात पाणी नाय. ह्यां मी कोणाक सांगाचां? झेंड्याक सांगू?”

अकरा वाजेपर्यंत माणसे जमली. कोणी जेवणाची तयारी सोडून आले, कोणी नारळी पौर्णिमेचा नारळ सजवता सजवता आले. बंदरावर संध्याकाळी जायचे होते, सकाळ मोकळीच होती. सह्या भरल्या एकशे बारा. सभा रीतसर झाली. पहिला विषय आजींच्या वाडीची विहीर. ठराव झाला: पाऊस सरला की वाडीच्या वरच्या अंगाला व्हाळावर श्रमदानाने वनराई बंधारा घालायचा.

तीनशे रिकाम्या गोण्या

आमच्या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. मग एप्रिलात विहिरी का आटतात? कारण आपली जमीन उताराची आणि खालचा खडक जांभ्याचा. जांभा चाळणीसारखा. पाऊस पडतो तसा झिरपतो, व्हाळाला मिळतो आणि धावत समुद्र गाठतो. ऑक्टोबरनंतर व्हाळ बारीक वाहत असतो, तेव्हाच त्याला अडवले तर पाणी थांबते, आजूबाजूच्या जमिनीत मुरते आणि खालच्या विहिरीची पातळी टिकून राहते. यात नवी विद्या काहीच नाही. आपले वाडवडील दगड, माती आणि पाला घालून कच्चे बांध घालीतच असत. पुढे प्रत्येकाला वाटू लागले की हे काम सरकारचे आहे, आणि बांध सुटले.

ठराव झाला खरा, पण ऑक्टोबरच्या अखेरीस ‘क्यार’ वादळाचा पाऊस आला. कापून ठेवलेले भात पाण्यात, उभे भात आडवे, लोंब्यांना कोंब फुटलेले. मी पंचनाम्यांसाठी रोज गावोगाव फिरत होतो. ज्याच्या वर्षाच्या तांदळाची माती झाली, त्याला ‘श्रमदानाला चल’ असे कोणत्या तोंडाने म्हणायचे? मी विषयच काढला नाही. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात सरपंचबाईंचाच फोन आला, “साहेब, गोण्या जमल्या आहेत. तुम्ही जागा दाखवायला कधी येता?”

दोन रविवार काम चालले. साठ-पासष्ट माणसे. बायका जास्त, हे वेगळे सांगायला नको. पाण्याची कळशी कोणाच्या कमरेवर असते ते तुम्ही जाणताच. मी जी माहिती तिथे दिली ती तुमच्याही उपयोगाची आहे, म्हणून लिहितो.

जागा निवडताना व्हाळ जिथे अरुंद आणि दोन्ही काठ उंच असतील ती निवडावी. तळातला गाळ, पाला आणि सुटे दगड काढून टाकावेत, नाहीतर पाणी खालून वाट काढते. सिमेंटच्या किंवा खताच्या रिकाम्या गोण्यांत माती किंवा रेती तीन चतुर्थांश भरून तोंडे शिवावीत. गच्च भरलेली गोणी दुसरीवर नीट बसत नाही. भिंतीच्या विटा जशा सांधे चुकवून रचतात, तशा गोण्या रचाव्यात. पाया रुंद, माथा अरुंद. मधल्या फटीत चिकण माती ठासावी. व्हाळ वीस फूट रुंद आणि बांध कमरेएवढा असेल तर साधारण तीनशे गोण्या लागतात. पावसाळ्याच्या तोंडाशी गोण्या काढून घ्याव्यात. तशाच ठेवल्या तर पहिल्या पुरात वाहून जातात आणि व्हाळात प्लॅस्टिकचा कचरा होतो.

काम चालू असताना एका तरुणाने मला विचारले, “साहेब, ह्यात देशभक्ती कुठे आली? हा तर चिखल आहे.” त्याला मी अप्पासाहेब पटवर्धनांची गोष्ट सांगितली. आपल्याच शिरोड्याच्या मिठागरांवर १९३० च्या मे महिन्यात मिठाचा सत्याग्रह झाला, त्यात अप्पासाहेब होते. ‘कोकणचे गांधी’ म्हणून लोक त्यांना ओळखत. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात असताना त्यांनी उपोषण केले. कशासाठी? चांगले जेवण मिळावे म्हणून नव्हे. आपल्याला भंगीकाम करू द्यावे म्हणून! त्यांच्यासाठी गांधीजींनीही येरवड्यात उपोषण केले. देश स्वतंत्र झाल्यावर अप्पासाहेब सत्तेच्या मागे गेले नाहीत. १९४८ साली त्यांनी कणकवलीला गोपुरी आश्रम काढला आणि संडास, सोनखत, गाईगुरे यांत आयुष्य घातले. मैल्याचे खत केल्याने शेत पिकते आणि माणसाला दुसऱ्याची घाण डोक्यावरून वाहावी लागत नाही, हे त्यांनी स्वतःच्या हातांनी करून दाखवले. ज्या हातांनी परक्या सरकारचा कायदा मोडला, त्याच हातांनी त्यांनी घाण उपसली. त्यांना या दोन कामांत फरक वाटला नाही. तरुण काही बोलला नाही. पुढची गोणी त्याने उचलली, एवढे मी पाहिले.

चाकरमानी आले तेव्हा

पुढच्या उन्हाळ्यात काय वाढून ठेवले होते, ते त्या डिसेंबरात कोणालाच ठाऊक नव्हते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि मे महिन्यात मुंबईचे चाकरमानी गावाकडे येऊ लागले. कोणी गाड्या करून, कोणी मिळेल त्या वाहनाने. पोटात भूक आणि मनात धसका. गावागावांत वाद पेटले. ‘येऊ द्यायचे की नाही’ यावर सख्खे भाऊ एकमेकांशी बोलेनासे झाले. काही ठिकाणी वाटेवर अडथळे घातले गेले. दोष कोणाला द्यायचा? भीती दोन्हीकडे होती.

या गावात पंचवीस-तीस माणसे एकाच आठवड्यात आली. त्यांना शाळेत ठेवायचे ठरले. प्रश्न आला पाण्याचा. शाळेला पाणी कुठले? तर त्याच वाडीच्या विहिरीचे. दरवर्षी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात जिचा तळ दिसायचा, तिच्यात त्या वर्षी मे महिन्याच्या मध्यापर्यंत पाणी होते. हे सगळे बंधाऱ्याचेच श्रेय असे मी म्हणणार नाही. पाऊसही त्या वर्षी लांबला होता. पण बंधाऱ्याचा वाटा होता, हे विहिरीत रोज वाकून पाहणाऱ्या बायकांनी मला सांगितले, आणि माझ्या मोजपट्टीपेक्षा त्यांची नजर पक्की आहे.

तरी पाणी मोजकेच. वाडीतल्या काहींचे म्हणणे पडले की आधी आपली घरे, मग शाळा. त्यांचेही चूक नव्हते. बंधारा त्यांच्या हाताने झाला होता. आजींनी आपली कळशी उचलली आणि शाळेच्या गडग्यापाशी नेऊन ठेवली. मी त्या वेळी तिथे नव्हतो. त्या काय बोलल्या ते मला शिपायाने सांगितले:

“तेवा परक्या मुलखातल्यांका पाणी दिलां. ही तर आपलीच पोरां.”

दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक घराने रोज एक कळशी शाळेसाठी बाजूला काढली. जूनच्या पहिल्या पावसापर्यंत ते चालले.

त्या वर्षीचा १५ ऑगस्ट तुम्हाला आठवत असेल. तोंडाला मास्क, आठ-दहा माणसे, अंतर राखून उभी. मुले नाहीत, जिलेबी नाही, ग्रामसभा नाही. शिपायाने पाकळ्या मात्र घातल्या होत्या. शाळेत राहिलेल्यांपैकी एक तरुण रस्त्यापलीकडे एकटाच उभा राहून राष्ट्रगीत म्हणत होता. आदल्या वर्षी दोनशे माणसांत मला जो काटा आला, तो त्या दिवशी दहा माणसांतही आला. त्याचे कारण मला आता कळते. त्या दहा जणांनी मधल्या वर्षात एकमेकांसाठी काहीतरी केलेले होते.

झेंड्याचा मान कसा राखावा?

२०२२ साली स्वातंत्र्याच्या अमृतमहोत्सवात १३ ते १५ ऑगस्टला घरोघरी तिरंगा लागला. मी मालवण ते आचरा फिरलो. माडीच्या घरावर झेंडा, गोठ्याच्या पाख्यावर झेंडा, शाकारून ठेवलेल्या होडीवर झेंडा. डोळे निवले. पण पुढे दिवाळीपर्यंत काही झेंडे तसेच राहिले. उन्हाने विटले, वाऱ्याने फाटले. तो अपमान कोणी मुद्दाम केला नव्हता. नियम माहीत नव्हते इतकेच. म्हणून चार गोष्टी सांगतो.

२००२ सालापासून कोणाही नागरिकाला आपल्या घरावर वर्षभर तिरंगा लावता येतो. पूर्वी खादीचा, म्हणजे हातमागाच्या कापडाचाच झेंडा चाले; डिसेंबर २०२१ पासून यंत्रावर विणलेल्या व पॉलिएस्टरच्या झेंड्यालाही मान्यता मिळाली. पूर्वी सूर्यास्ताला झेंडा उतरवावा लागे. जुलै २०२२ पासून घरावरचा झेंडा रात्रीही ठेवता येतो. लांबी-रुंदीचे प्रमाण तीनास दोन असावे. केशरी पट्टा नेहमी वर. झेंडा जमिनीला किंवा पाण्याला टेकू देऊ नये, त्यावर काही लिहू नये, फाटका अगर मळका झेंडा लावू नये. जीर्ण झालेला झेंडा कचऱ्यात फेकू नये, पुसणे तर कधीच करू नये; एकांतात, सन्मानाने, शक्यतो जाळून, पूर्णपणे नष्ट करावा. मुलांच्या हातातले कागदी झेंडे कार्यक्रम संपल्यावर गोळा करण्याचे काम शाळेतल्याच दोन मुलांना द्यावे. एकदा ज्या मुलाने चिखलातून झेंडा उचलला, तो मोठेपणी तो चिखलात टाकणार नाही.

अभिमानालाही पाया लागतो

आपल्या मालवणला ४ डिसेंबर २०२३ रोजी नौदल दिन साजरा झाला. समुद्रात युद्धनौका, आकाशात विमाने. माणसांची छाती भरून आली. राजकोटावर शिवछत्रपतींचा पुतळा उभा राहिला. २६ ऑगस्ट २०२४ रोजी तो कोसळला. त्या दिवशी मालवणात चुली पेटल्या तरी घास गोड लागला नाही. २०२५ मध्ये तिथे नवा पुतळा उभा राहिला. पण त्या राजकोटावरून समोर पाहिले की सिंधुदुर्ग दिसतो. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी कुरटे बेटावर त्याचा पाया घातला गेला, तीन वर्षांत किल्ला उभा राहिला, आणि साडेतीनशेहून अधिक पावसाळे अंगावर घेऊन तो तिथेच आहे. त्याच्या पायात शिसे ओतले, असे आपल्याकडे सांगतात. शिसे कोणाला दिसत नाही. लाटेला मात्र कळते.

आपल्या अभिमानाचेही असेच आहे. झेंडा वर दिसतो, आणि तो दिसलाच पाहिजे. पण त्याच्या खाली कोणीतरी रात्री जागून तो वाळवलेला असतो, कोणीतरी सभेला बसलेले असते, कोणीतरी गोणी भरलेली असते, कोणीतरी आपल्या कळशीतले पाणी दुसऱ्याला दिलेले असते. ते दिसत नाही.

वाडीचा बंधारा आता दरवर्षी होतो. मध्ये एक वर्ष आळस झाला. ‘यंदा पाऊस चांगला झाला आहे, कशाला हवा’ असे लोक म्हणाले. त्या वर्षी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात विहिरीने पुन्हा तळ दाखवला. कोणाला वेगळे व्याख्यान द्यावे लागले नाही. आजी आता थकल्या आहेत, सभेला येणे होत नाही. पण त्यांची नात येते आणि पहिल्याच खुर्चीवर बसते.

तेव्हा बंधू-भगिनींनो, येत्या राष्ट्रीय सणाला झेंड्यापुढे ताठ उभे राहा, मोठ्याने राष्ट्रगीत म्हणा, पाऊस आला तर खुशाल भिजा. जिलेबीही घ्या. पण पुडी हातात आली म्हणून घरची वाट धरू नका. ग्रामसभेला बसा. आपल्या वाडीचा एक तरी प्रश्न उभे राहून विचारा. घरातल्या बाईला बरोबर आणा आणि तिलाही बोलू द्या. आणि घरात खताच्या रिकाम्या गोण्या असतील तर त्या उंदरांना देऊ नका. धुऊन, घडी घालून ठेवा. पाऊस सरला की लागतील.

गोण्या जमल्या की कळवा. जागा दाखवायला मी येतो.